गजभारे सर आणि राहून गेलेली ओळ

गजभारे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी दीड तास आधी पोचल्यामुळे. मुलाखत अकराला होती आणि मी साडेनऊलाच जीडीमेटलाच्या औषध कारखान्याच्या फाटकाशी उभी होते. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बस चुकेल, पत्ता सापडणार नाही, रस्ता विचारला तर तेलुगूत उत्तर मिळेल, अशा सगळ्या शंका आदल्या दिवशीच मनात येऊन गेल्या होत्या. घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहणारी माणसं असतात. मी तीनदा ओढते आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाते.

वॉचमनने मला कार्मिक विभागाबाहेरच्या बाकावर बसवलं. विभागाचं दार सताड उघडं होतं. आत एक तरुण कामगार खुर्चीत बसला होता आणि त्याचा शिफ्ट सुपरवायझर समोर उभा राहून एक कागद मोठ्याने वाचत होता. दोघांच्या मध्ये पांढऱ्या बुशशर्टातले, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मला आधी वाटलं, कसली तरी शपथ चालली आहे. पण सुपरवायझर वाचत होता ती त्याच्या स्वतःविरुद्धची तक्रार होती.

वाचून संपल्यावर त्या गृहस्थांनी डोळे न उघडताच विचारलं, "यादगिरी, बराबर पढे क्या?"

"एक लैन रह गई, सार," कामगार म्हणाला.

सुपरवायझरने कागद पुन्हा वर धरला. राहिलेली ओळ त्याला शोधावी लागली नाही. "मेरेकू बोले, तेरे जैसे दस गेट पे खडे रहते," त्याने वाचलं. मग सुपरवायझर स्वतःच म्हणाला, "बोला था मैं. गलत बोला."

ते गृहस्थ म्हणजे श्री. किशनराव गजभारे, आमच्या कंपनीचे तेव्हाचे कार्मिक व्यवस्थापक. त्यांचा अमृतमहोत्सव साजरा करण्यासाठी हा ग्रंथ निघतो आहे. त्या दिवशी मुलाखतीत मी पदव्या, अनुभव, मजुरीविषयक कायद्यांची कलमं असं सगळं घोकून गेले होते. सरांनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही बाहेर बसला होता. मघाशी कोणती ओळ राहिली होती?"

मी ती ओळ शब्दन्‌शब्द सांगितली. सर हसले. "घाबरत होता ना तिथं बसून? घाबरणारी माणसं नीट ऐकतात. आपल्या खात्यात तसंच माणूस लागतं."

तोवर माझ्या या स्वभावाला घरीदारी सगळ्यांनी नावंच ठेवली होती. तो कोणाच्या उपयोगी पडेल, असं म्हणणारा पहिला माणूस मला त्या दिवशी भेटला. त्यानंतर सात वर्षं मी सरांच्या हाताखाली काम केलं. ते निवृत्त झाले त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. आज त्यांच्या खुर्चीत मी बसते.

आणि म्हणूनच हा लेख लिहिताना माझा हात जड झाला आहे. संपादक मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या टेबलाच्या खणात सरांच्या हस्ताक्षरातलं एक पाकीट तीन आठवड्यांपासून पडून होतं. त्यातली तक्रार माझ्याविरुद्ध होती. ती कोणाची, कशाची आणि तिचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय सरांचा गौरव करणं मला जमणार नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रेमाने सुचवलं, "मॅडम, असल्या ग्रंथात हे कशाला?" त्यांचं म्हणणं समजूनही मी ऐकलेलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

सरांचं घराणं मूळचं नांदेडकडचं. वडील अफझलगंजच्या बाजारात पोती उचलत. सरांचं शिक्षण तिथल्या मोठ्या ग्रंथालयाच्या पंख्याखाली झालं, असं ते सांगतात. कंपनीत ते लागले ते फाटकावरचे टोकन कारकून म्हणून. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला पितळी टोकन द्यायचं आणि नंबर पुकारायचा, एवढंच काम. सर नंबर पुकारत नसत. शेकडो माणसांना नावाने हाक मारून टोकन हातावर ठेवत. रांग हळू सरकते म्हणून साहेबांनी त्यांना एकदा खडसावलंही होतं. सरांनी रांग जलद केली, पण नावं काही सोडली नाहीत.

तक्रार ऐकण्याची त्यांची रीत मी अन्यत्र कुठे पाहिली नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते आधी खुर्ची देत, मग चहा, आणि मग स्वतः कागद पुढे ओढत. माणूस ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत, ते देवनागरीत लिहून काढत. दखनी असो, तेलुगू असो की आमची मराठी. कार्यालयीन भाषेत एक शब्दही बदलत नसत. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने ती तक्रारदारासमोर मोठ्याने वाचायची. दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे तक्रारदार ठरवणार. वाचून झालं की एकच प्रश्न, बरोबर वाचलं का? मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, यातून काही भलतंच झालं तर? भांडण पेटलं तर?" सर म्हणाले, "दुसऱ्यानं वाचलं तर पेटतं. आपल्या तोंडानं वाचलेलं माणसाला पचवावं लागतं."

वरिष्ठांना हे प्रकरण लांबण लावणारं वाटे. पण सरांच्या काळात आमच्याकडची फारच थोडी भांडणं कोर्टाची पायरी चढली, हे त्यांनाही नाकारता येत नसे.

पगारवाढीच्या बाबतीत त्यांचं एक हत्यार होतं. साधी लाकडी फूटपट्टी. वार्षिक वाढीची यादी समोर आली की सर ती फूटपट्टी नावांच्या रकान्यावर उभी ठेवत आणि मला सांगत, "आता वाचा." काम काय, किती वर्षं, पगार काय. एका वर्षी असंच वाचताना मी अडखळले. एका ओळीत काम जास्त आणि पगार कमी, खालच्या ओळीत काम कमी आणि पगार जास्त. सरांनी पट्टी बाजूला केली. खालची ओळ माझीच होती. वरची माझ्या आधीपासून असलेल्या पद्मा नावाच्या सहायिकेची. माझी वाढ कापणार, याची मी खात्रीच धरली. सरांनी माझं काही कापलं नाही, पद्माची वाढ मात्र कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकांच्या दारात तीन वेळा बसून मंजूर करून आणली. फूटपट्टी खणात ठेवताना म्हणाले, "हे झाकणं कागदापुरतं, बाई. माणूस समोर आला की आधी नाव."

मी हे वाक्य तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. लिहून ठेवलेलं सगळंच माणूस पाळतो असं नाही.

माणसातला गुण ओळखण्याची सरांची नजर सांगायची तर सलीमाबींचं नाव घ्यावं लागतं. गोळ्यांच्या स्ट्रिप तयार होतात त्या विभागात त्या पॅकिंगचं काम करतात. शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. एकदा सर विभागातून जात असताना सलीमाबींनी चालू मशीन बंद करायला लावलं. सुपरवायझर भडकला. सलीमाबी म्हणाल्या, "आवाज बदल गया. खाना खाली जारा." तपासलं तर खरंच दर काही स्ट्रिपमागे एक घर गोळीविना जात होतं. डोळ्यांना दिसण्याआधी त्यांना ते ऐकू आलं होतं. दुसऱ्याच आठवड्यापासून सरांनी नव्या माणसांना त्यांच्या हाताखाली शिकायला ठेवलं. मीही नवी असताना त्या मशीनच्या धडधडीला बिचकून दारातच उभी राहिले होते. सलीमाबींनी माझं मनगट धरून मला सगळ्या विभागातून फिरवलं. "डरो नक्को मॅडम, ये मशीन बकता भौत, काटता नहीं," असं म्हणाल्या होत्या.

सरांच्या मायेचा एक प्रसंग इथेच सांगते, पुढे सुचेल न सुचेल. माझे वडील पुण्याहून आले आणि इथे आजारी पडले. हिमायतनगरच्या एका दवाखान्यात ते अकरा दिवस होते. रोज दुपारी खालून निरोप यायचा की डबा आला आहे. अंबरपेठेच्या घरून सर स्वतः डबा घेऊन येत, त्यांच्या पत्नी विमलताईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि वरण. पण ते कधी वर आले नाहीत, खालच्या बाकावर बसून परत जात. मला वाईट वाटलं. पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब आला की माणूस उठून उभा राहतो. तुम्ही जागून दमलेल्या. तुम्हाला कामून उठवायचं?"

अशा माणसाच्या खुर्चीत बसल्यावर मी काय केलं, ते आता सांगते.

सर निवृत्त झाले आणि हळूहळू सगळं संगणकावर आलं. नव्या श्रेणीरचनेत "शिकवणारी" असं पदच नव्हतं. सलीमाबी पॅकिंगच्या श्रेणीत होत्या तिथेच राहिल्या आणि त्यांनी शिकवलेली माणसं एकेक करून त्यांच्या वर गेली. गेल्या वर्षी बढतीची यादी मी केली. पडद्यावर सगळी नावं उघडी होती. मी मुद्दाम कोणाचं वाईट केलं नाही, पण ज्यांची नावं रोज कानावर येतात, जे माझ्या दालनात येऊन चार वाक्यं चांगली बोलतात, तेच मला लायक वाटत गेले. सलीमाबी दालनात येणाऱ्यांतल्या नव्हेत. यादी लागल्यावर मात्र त्यांनी अर्ज दिला. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील. श्रेणी आता बदलली नाही, तर कधीच बदलणार नाही. मी तीन ओळींचं पत्र पाठवलं, आवश्यक शैक्षणिक पात्रता नसल्याने विचार करता येत नाही.

सलीमाबी ते पत्र घेऊन अंबरपेठेला सरांकडे गेल्या. सरांनी मला फोन केला नाही. खुर्ची, चहा, कागद, सगळं त्यांच्या रीतीने झालं असणार. चार दिवसांनी पाकीट माझ्या टेबलावर आलं. आत सलीमाबींचे शब्द, सरांचं अक्षर. सरांचा स्वतःचा एक शब्दही नाही.

मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि खणातल्या फायलींच्या खाली सरकवलं. पुढे काय करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. माझ्या खात्यातल्या मुली काय म्हणतील? ज्यांना मी बढती दिली ते काय समजतील? वरिष्ठ विचारणार नाहीत का, की बाई, तुमची यादीच चुकली तर तुम्हाला ठेवायचं कशाला? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कॉरिडॉरमध्ये कोणी हसलं तरी ते मलाच हसले असं वाटे. पॅकिंग विभागाकडे जायचं मी टाळू लागले.

त्यातच बातमी आली, सरांना चक्कर आली, दवाखान्यात ठेवलं आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. मला पहिलं काय सुचलं असेल? सरांचं काही बरंवाईट झालं आणि हे पाकीट असंच खणात राहिलं तर? मी धावत गेले. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, मनगटावर सुईचा निळा डाग. मला पाहून त्यांनी विमलताईंना खुर्ची द्यायला सांगितली. पाकिटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "सर, बरे झालात की तुम्ही याल का तिकडे? वाचायचं आहे ते तुमच्यासमोर वाचते."

"मी कशाला येऊ?" सर म्हणाले. "तक्रार माझ्याविरुद्ध आहे का?"

मी जायला उठले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "घाबरणारी माणसं नीट ऐकतात, बाई. फक्त स्वतःसाठी घाबरायला लागली की त्यांना ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी सलीमाबींना बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. दार लोटू का, असं विचारलं, मनातून त्यांनी हो म्हणावं अशी देवाची प्रार्थना करत. "खुला रहने दो," त्या म्हणाल्या. बाहेर दोन मुली फाइल चाळायचं नाटक करत उभ्या राहिल्या. मी उभी राहिले आणि वाचू लागले.

"मैं सलीमाबी. पॅकिंग में काम करती. जिनकू मैं हाथ पकड के सिकाई, वो लोगां आज मेरे ऊपर हैं. मेरेकू उसकी खुशी है. मगर मेरा ग्रेड वहीच है. मॅडमकू अर्जी दी, मॅडम नक्को बोले. रिटायर होने से पहले मेरे कामकू नाम होना, बस."

मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "बराबर पढी क्या मैं?"

सलीमाबींनी चहाचा कप बशीत ठेवला. ज्या बाईंना ही लिपी वाचता येत नाही, त्या शांतपणे म्हणाल्या, "एक लैन छूट गई, मॅडम."

मलाही ती शोधावी लागली नाही. बावीस वर्षांपूर्वी बाहेरच्या बाकावरून त्या सुपरवायझरकडे मी ज्या नजरेने पाहिलं होतं, त्याच नजरेने दारातल्या मुली आता माझ्याकडे पाहत होत्या. मी वाचलं, "मॅडम के जवाब में मेरा नाम नहीं था, टोकन नंबर था. मॅडम तो मेरेकू नाम से पहचानते."

यादी करताना जी नावं झाकायची ती मी उघडी ठेवली होती, आणि जिथे नाव घ्यायचं तिथे नंबर लिहिला होता. सरांनी शिकवलेली एकच गोष्ट मी इतकी वर्षं बरोबर उलटी करत आले होते. मला रडू आलं, आणि ते लपवण्याचं अवसानही राहिलं नाही.

"गलत लिखी मैं, सलीमाबी," मी म्हटलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "अब चाय पियो, ठंडी होरी."

सलीमाबी गेल्यावर मी खणातून सरांची फूटपट्टी काढली. निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी मला दिली होती आणि मी तिचा उपयोग आलेली पाकिटं फोडायला करत होते. बढतीची यादी कागदावर काढली, नावांवर पट्टी ठेवली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. सलीमाबींची ओळ कोणती, हे नाव न पाहताही कळत होतं. आणखी तीन ओळी तशाच निघाल्या. चौघांच्या नावांनिशी, माझी चूक कबूल करून, मी व्यवस्थापनाकडे नवी शिफारस पाठवली आहे. "प्रशिक्षक" असं पद निर्माण करावं, असंही लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. दोनदा विचारून आले, तिसऱ्यांदा दारात बसायची तयारी आहे. सलीमाबींची निवृत्ती जवळ येते आहे आणि मी रोज कॅलेंडर बघते. शिफारस फेटाळली गेली तर काय, या विचाराने जीव टांगणीला लागला आहे. पण बऱ्याच वर्षांनी ही भीती माझ्या स्वतःसाठी नाही.

सर, आपण आता घरी आला आहात, सकाळी अंबरपेठेच्या बाजारापर्यंत चालत जाता, असं विमलताई सांगतात. जपून चाला. गोळ्या वेळेवर घ्या; आम्ही बनवलेल्या आहेत आणि सलीमाबींनी कान लावून तपासल्या आहेत. लोक अशा प्रसंगी शंभर वर्षांचं आयुष्य मागतात. मी त्याहून जास्त मागते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. आपण आहात तोवर पाकीट येईल, या धाकाने माझ्यासारखी माणसं सरळ चालतील. ती प्रकृती आणि ते ठसठशीत अक्षर आपल्याला फार फार वर्षं लाभोत.

समारंभात हा लेख कोणी निवेदक वाचणार होता. मी मंडळाला कळवलं आहे की तो मीच वाचणार. आपण समोर असाल, आपल्या शेजारी सलीमाबी बसतील, सभागृहाची दारं उघडी ठेवायला सांगितलं आहे. वाचून झाल्यावर मी आपल्या दोघांकडे पाहीन. एखादी ओळ राहिली असेल, तर सांगा.